थंड खोलीतले कोंब

१

ज्या खोलीत काही उगवू नये म्हणून एवढा खटाटोप केला होता, नेमकं तिथंच उगवलं.

बियाणं जपणाऱ्या एका संस्थेच्या तळमजल्यावर ती थंड खोली होती. आत उथळ ट्रे, ट्रेमध्ये ओला कागद आणि कागदावर एका डोंगरी फुलाच्या बिया. या बियांना रुजण्याआधी लांबलचक थंडी लागते. डोंगरावर ती पूर्वीसारखी पडेना, हळूहळू फूलही दिसेनासं झालं, तेव्हा उरल्यासुरल्या बिया गोळा करून संस्थेनं त्यांच्यासाठी खोलीतच हिवाळा तयार केला होता. लांब सुट्टी संपल्यावर खोलीच्या राखणदार बाईनं कुलूप काढलं, तर निम्म्या ट्रेमध्ये पांढुरके कोंब माना वाकड्या करून उभे. भलत्या वेळी रुजलेली ही रोपं जगायची नाहीत हे तिला पाहताक्षणी कळलं आणि ती दारातल्या स्टुलावर मटकन बसली.

या बाईला सगळे कोठीताई म्हणत. खोलीची किल्ली तिच्या एकटीच्या कमरेला असे आणि आत पाऊल टाकायचं तर डॉक्टरसाहेबांनाही तिला विचारावं लागे. डॉक्टरसाहेब म्हणजे संस्थेचे प्रमुख. ते धावत आले. खोली तर नेहमीइतकीच गार होती. दाराबाहेरच्या पडद्यावर चार अंशांचा आकडा होता, आणि सुट्टीतले मागचे आकडे काढून पाहिले तर तेही सगळे चारच.

डॉक्टरसाहेबांनी सरळ हिशेब मांडला. बिया उबेशिवाय रुजत नाहीत. खोलीत ऊब आलीच नाही. म्हणजे ट्रे खोलीबाहेर गेले होते, आणि किल्ली एकीकडेच होती. या बिया मिळाव्यात म्हणून बाहेरचे लोक गळ घालतात हेही सगळ्यांना ठाऊक होतं. कोठीताईला त्याच दिवशी घरी पाठवलं. विम्याचं काम मिटलं की नोकरीवरून काढल्याचा कागद द्यायचा, एवढंच बाकी होतं.

२

विमा कंपनीनं आपली तपासनीस पाठवली. वयानं पन्नाशीची, अंगानं किरकोळ, आणि ऐकून घेण्यात पक्की. समोरच्याचं सगळं बोलणं संपेपर्यंत ती मान डोलवायची, मग "पण" म्हणायची आणि पुढं काहीच बोलायची नाही. समोरचा माणूस घाबरून आपणच पुढचं बोलून जायचा. त्यामुळे तिला ऑफिसात पणबाई हे नाव पडलं होतं, आणि तिला ते मनातून आवडायचं.

डॉक्टरसाहेबांची खोली थंड खोलीला लागूनच. भिंतीपलीकडे गारवा देणाऱ्या यंत्राची घरघर चाललेली, त्यामुळे ते घसा ताणून बोलत होते.

"यात तपासायचं काय आहे? यंत्र सांगतंय की खोली गारच होती. तुम्ही सही करा, म्हणजे आम्ही मोकळे."

"पण," पणबाई म्हणाली.

"पण काय? मी स्वतः सुट्टीत रोज इथं येऊन बसत होतो. शोधनिबंध संपवायचा होता. काय शांतता होती म्हणून सांगू, बऱ्याच दिवसांनी डोकं चाललं. नंतर कंपनीचा कोणी माणूस येऊन दाराच्या चौकटीशी खुटखुट करून गेला. शांतता मोडली ती मोडलीच, मग काही लिहून झालं नाही."

"कुठल्या कंपनीचा?"

"ज्यांनी ही सगळी यंत्रणा बसवली त्यांचाच असणार. पाठमोरा होता. चौकटीपाशीच बसला होता, दार काही उघडलं नाही त्यानं. किल्ली कुठं होती त्याच्याकडे?"

पणबाईनं त्या माणसाबद्दल आणखी विचारलं, पण पाठीपलीकडे डॉक्टरसाहेबांना काही आठवेना.

तिथून ती कोठीताईच्या घरी गेली. दार नणंदेनं उघडलं, आणि उंबऱ्यातच सुनावलं, "आमच्या वहिनीनं घरातला चमचासुद्धा कधी इकडचा तिकडे केला नाही. काय विचारायचं ते नीट विचारा."

कोठीताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर भाजी होती आणि हातात सुरी होती, चिरत मात्र ती काहीच नव्हती.

"सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी काय काय झालं?" पणबाईनं विचारलं.

"वेगळं असं काही नाही. दाराला फट पडली होती म्हणून सुतारानं चौकटीला बाहेरून नवी रबरी पट्टी ठोकून दिली. मग मी ट्रे एकदा बघून घेतले आणि कुलूप लावलं."

"पट्टी चांगली बसली?"

"चांगली म्हणजे? एरवी मी दार उघडलं की बाहेरचा आकडा चारावरून पाचावर चढतो, मग सावकाश उतरतो. त्या दिवशी मी चांगला वेळ आत-बाहेर केलं, तरी आकडा जागचा हलला नाही. सुताराला फोन करून शाबासकी दिली मी." एवढं बोलताना तिचा चेहरा जरा उजळला आणि लगेच उतरला. "बाई, यंत्र खोटं बोलत नसेल, तर मग मीच..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. पणबाईनंही तिला पुरं करायला लावलं नाही, पण ते तिच्या मनात घर करून राहिलं.

३

यंत्रणा बसवणारी ती कंपनी म्हणजे एक घरच होतं. थोरला भाऊ गिऱ्हाइकं सांभाळायचा, धाकटी बहीण यंत्रणांची आखणी करायची, आणि त्यांचा मामा केलेलं काम तपासून पाहायचा. आईवडील गेल्यावर मामानंच दोघांना वाढवलं होतं. मामाच्या टेबलावर तुटक्या कानांचे कप, मेलेले कीबोर्ड, काड्या मोडलेली छत्री आणि कशाच्या तरी वायरींचा डोंगर होता. त्या डोंगराआडून त्याचं टक्कल तेवढं दिसत होतं.

"मी ह्यांना कधीचा सांगतोय," थोरला म्हणाला, "एखाद्या बड्या कंपनीची बंद पेटी घ्या आणि नेऊन बसवा. काही बिघडलं तर त्यांच्या गळ्यात. पण आमच्या बाईसाहेबांना जोडाजोडीची हौस."

धाकटीनं दादाकडे दुर्लक्ष केलं. हे भांडण जुनं होतं.

"आम्ही थर्मामीटर बनवत नाही," ती पणबाईला सांगू लागली. "घंटा बनवत नाही, आकडे दाखवणारा पडदा बनवत नाही. त्यांच्यामागचे प्रोग्रामसुद्धा बाजारात तयार मिळतात, चांगले मिळतात. मी फक्त जागा आखते. थर्मामीटरच्या जागी जो बसेल त्यानं विचारल्यावर अंश सांगायचे, घंटेच्या जागी जो बसेल त्यानं सांगितल्यावर वाजायचं. मग उद्या घंटा बदला, परवा पडदा बदला, बाकीच्यांना पत्तासुद्धा लागत नाही."

"पण," पणबाई म्हणाली, आणि या वेळी तिनं वाक्य पुरं केलं. "पत्ता लागत नाही, हे चांगलं?"

धाकटी हसली. "चांगलंच की. ऐका ना. एखादा भाग गप्प झाला, तर यंत्रणा स्वतःच शेल्फवर बघते, त्याच्या जागी बसणारा दुसरा आहे का. शेल्फ म्हणजे सुटे भाग ठेवायची जागा, कॉम्प्युटरातलीच. सापडला तर बसवून मोकळी. नवा आलेला भाग आपणहून सांगतो की मी आलोय, आणि तशी नोंद होते. कुणाला झोपेतून उठवायला नको." हा तिचा लाडका नियम होता, आणि तो सांगताना तिचे डोळे चमकत होते.

"थर्मामीटर गप्प झाला असेल तर?"

"त्याच्या जागी बसणारं शेल्फवर काही नाही. दुसरा थर्मामीटर घ्या म्हणून मी संस्थेच्या मागे लागलेय, मंजुरी अजून यायचीय. म्हणजे तो गप्प झाला असता तर घंटाच वाजली असती. घंटा वाजली नाही, नवा भाग आल्याची नोंद नाही. खोलीला गारवा देणारं यंत्रही त्याच थर्मामीटरला विचारून चालतं. मी भाग न् भाग वेगळा काढून तपासला. प्रत्येक जण आपापलं काम चोख करतोय."

तिनं शेल्फ पडद्यावर उघडून दाखवलं. ते झाडूनपुसून लख्ख होतं.

"मी आवरलं परवा," वायरींच्या डोंगराआडून मामा बोलला. "जुनंपानं पडलं होतं, काढून टाकलं."

पणबाईनं शेल्फकडे पाहिलं, मग छत्रीकडे. मग तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "सुट्टीत तुमच्यातलं कोणी संस्थेत गेलं होतं का?"

"छे. सुट्टीत आम्ही सगळे बंद," थोरला म्हणाला. धाकटीनंही मान हलवली. मामा एक कप उचलून त्यातली धूळ फुंकू लागला.

४

पणबाईनं बाहेर येऊन घरी फोन लावला. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्यांचं करणारी नेहमीची बाई आठवडाभर रजेवर. एजन्सीनं बदली बाई धाडली होती. गोड आवाजाची होती.

"सासूबाई जेवल्या?"

"हो बाई, पोटभर."

"गोळ्या दिल्यात?"

"दिल्या की."

"ताप वगैरे?"

"नाही नाही, सगळं व्यवस्थित."

उत्तरं इतकी पटापट आली की पणबाईचा स्वभाव जागा झाला. "बरं, माझ्या वन्सं येणार होत्या भेटायला. आल्या होत्या का?"

"हो, आल्या होत्या. छान गप्पा मारल्या दोघींनी."

पणबाईच्या वन्सं समुद्रापार राहायच्या आणि कित्येक वर्षांत इकडे फिरकल्या नव्हत्या. पणबाईनं फोन ठेवला, शेजारणीला लावला आणि जरा घरात डोकावून यायला सांगितलं. सासूबाई ठीक होत्या, फक्त गोळ्या जागच्या जागी होत्या. पणबाई मनातल्या मनात चरफडली. काय पण होयबा पाठवलाय. एजन्सीचं तरी काय, जागा रिकामी दिसली की जी मोकळी असेल ती धाडायची. विचारलं तर उत्तर येतंय ना, मग झालं.

आणि मग ती जिन्यातच थांबली. जागा रिकामी दिसली की जो मोकळा असेल तो.

ती तशीच मागे फिरली आणि धाकटीला बाजूला घेऊन म्हणाली, "ही यंत्रणा तयार करताना सगळे भाग एकदम हातात आले होते?"

"नाही हो. थर्मामीटर फार उशिरा आला."

"मग तोवर बाकीचं काम कसं केलंत? अंश कोण सांगायचं?"

"त्याच्या जागी एक होयबा बसवला होता. आम्ही सगळेच असं करतो, खरा भाग येईपर्यंत तालमीपुरता. काही विचारा, तो म्हणणार चार. म्हणजे बाकीच्यांचं काम अडत नाही." बोलता बोलता धाकटीचा आवाज बारीक झाला. "पण तो मी स्वतः त्या जागेवरून काढला होता."

"काढून कुठं ठेवलात?"

धाकटीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी पणबाईनं सगळ्यांना थंड खोलीच्या दाराशी बोलावलं. कोठीताई नणंदेला घेऊन आली आणि तिच्या आडोशाला उभी राहिली. डॉक्टरसाहेबांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"इथून थर्मामीटरची वायर जाते," पणबाई चौकटीकडे बोट करून म्हणाली. "नवी पट्टी हिच्यावरच ठोकली गेली. जरा वाकून बघा, वायरीवर चिमटा बसल्याची खूण आहे आणि तेवढ्याच जागी पट्टी कोणीतरी नंतर तासलीय. मी सुताराला विचारलं, त्यानं नाही तासली. आता वायर काढा."

धाकटीनं वायर उपसली. पडद्यावरचा आकडा विझला आणि घंटा कानठळ्या बसवत वाजू लागली.

"बघा," डॉक्टरसाहेब घंटेवर आवाज चढवून म्हणाले, "वाजतेय. सुट्टीत वायर निकामी झाली असती तर अशीच वाजली असती."

"आज वाजतेय, कारण शेल्फ रिकामं आहे." पणबाई मामाकडे वळली. "मामा, मोडकी छत्री न टाकणारा माणूस नेमकं शेल्फ झाडून काढतो, हे काही माझ्या गळी उतरत नाही. तुम्ही तो होयबा टाकला नसणार. कुठंतरी जपून ठेवला असणार. तो जरा परत शेल्फवर ठेवता?"

मामानं धाकटीच्या हातातून लॅपटॉप घेतला आणि काही बटणं दाबली. घंटेचा आवाज मध्येच तुटला. पडद्यावर चार उमटला. वायर तर अजून धाकटीच्या हातात लोंबत होती. भिंतीपलीकडची घरघरही थांबली, आणि सगळ्या बोळात एकदम शांत झालं.

"हीच ती शांतता, डॉक्टरसाहेब," पणबाई म्हणाली. "हिच्यातच तुमचा निबंध झाला. खरा थर्मामीटर गप्प झाला, यंत्रणेनं शेल्फवर शोधलं, हा सापडला, हा बसला. नवा भाग आपण आल्याचं सांगतो, पण हा पडला तालमीतला. याला एकच गोष्ट सांगता येते. हा म्हणाला चार, म्हणून घंटा गप्प. हा म्हणाला चार, म्हणून गारवा देणारं यंत्र बंद. कोठीताईंनी दार उघडलं तरी आकडा हलला नाही तो याच्यामुळे, त्याचं श्रेय फुकट सुताराला गेलं. खोली दिवसेंदिवस उबत गेली आणि पडदा चारच म्हणत राहिला."

डॉक्टरसाहेबांनी भिंतीवर हात टेकला. जणू घरघर हाताला लागते का ते बघत होते.

"सुट्टीत मी घरून सहज यंत्रणा उघडली होती," मामा हळू आवाजात सांगू लागला. "बघतो तर हा जागेवर बसलेला. धावत आलो, पट्टी तासून वायर सोडवली. खोली पार उबली होती. यंत्र हातानं चालू केलं, आणि ती पुन्हा चारावर आल्यावरच खरा थर्मामीटर जागेवर बसवला. म्हटलं, एवढ्या-तेवढ्यानं काय होतंय बियांना. कोंब आल्याचं ऐकलं तेव्हा शेल्फ साफ केलं."

"का?" धाकटीनं विचारलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुझाच नियम होता तो. दादा पेटी घ्यायला टपलेला. तुझं सगळं मोडीत निघालं असतं गं. तो होयबाही मीच लिहिला होता, तू काढलास तेव्हा टाकवेना म्हणून शेल्फवर राहू दिला."

"आणि ह्या?" धाकटीनं कोठीताईकडे हात केला. "ह्यांचं काय मोडलं असतं, ते नाही आलं मनात?"

"वाटलं, फार तर दुसरीकडे बदली करतील," मामा म्हणाला. त्याचं त्यालाच ते हलकं वाटलं. पणबाईला त्याची कीव आली आणि रागही आला. दोन्हींतलं काय जास्त, हे तिला ठरवता येईना.

डॉक्टरसाहेब कोठीताईसमोर आले. "ताई, माझी चूक झाली. तुमच्यापेक्षा मी त्या आकड्यावर विश्वास ठेवला."

"मीपण तेच केलं की, साहेब," कोठीताई म्हणाली. "घरी बसून रोज आठवत होते, ट्रे मी कधी बाहेर काढले, कुठं ठेवले. आठवेना, तर वाटायचं, आपल्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय. काल नणंदेला म्हटलं, मला डॉक्टरकडे घेऊन चला." नणंदेनं तिचा हात घट्ट धरला.

६

बंद पेटी काही आली नाही. थोरल्यानं नेटानं विषय काढला होता, पण पेटीत असा होयबा बसला असता तर तो आपल्याला दिसला तरी असता का, असं धाकटीनं विचारलं आणि दादानं तो सोडून दिला. मामाशी ती कामापुरतंच बोलत होती. मामा एका संध्याकाळी कोठीताईच्या घरी जाऊन आला. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

उरलेल्या ट्रेमध्ये अजून न रुजलेल्या बिया होत्या. त्यांच्यासाठी धाकटीनं यंत्रणा नव्यानं जोडली आणि ती दाखवायला संस्थेत आली. विम्याचा शेवटचा कागद घेऊन पणबाईही आलेली होती.

"जागेवर आहे त्याखेरीज शेल्फवर आता आणखी दोन खरे थर्मामीटर आहेत," धाकटी कोठीताईला म्हणाली. "आणि बदली भाग बसला की पडद्याचा रंग बदलतो, घंटाही एकदा वाजते. आता पत्ता लागतो."

"आणि तिन्ही गप्प झाले तर?" कोठीताईनं विचारलं.

"मग यंत्रणा शेवटच्या जागी विचारते." धाकटी जरा अडखळली. "ती जागा मी तुमच्या फोनला जोडलीय. तुम्ही आत जायचं, तुमच्याजवळचा साधा थर्मामीटर बघायचा, आणि आकडा कळवायचा. चालेल का तुम्हाला?"

"मी कळवीन ते ती मानेल?"

"मानावंच लागेल. तशीच जागा आखलीय."

कोठीताईनं करून बघायचं म्हटलं. धाकटीनं एकेक करून तिन्ही वायरी काढल्या. पडदा काळा झाला आणि कोठीताईच्या हातातला फोन वाजला. तिनं कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि आत गेली. बाहेर सगळे थांबून राहिले. डॉक्टरसाहेबही आपल्या खोलीतून येऊन उभे राहिले होते. ती बाहेर आली, फोनवर एका बोटानं सावकाश पाच लिहिलं आणि पाठवलं.

पडद्यावर पाच उमटला. भिंतीपलीकडे यंत्र सुरू झालं आणि तिच्या शब्दावर खोली गार करू लागलं.